चाकांवरचे जुने घर निवडताना

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिला आणखी एक चरण जोडण्याचा अधिकार गेल्या हिवाळ्यात मला मिळाला, असे मी विनयाने म्हणेन. एके काळी वैभवात वावरलेले, आता वीस वर्षांचे झालेले चाकांवरचे घर, मोजक्या पैशांत आणि साठी उलटल्यावर, पाहावे निवडून!

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ आम्ही गेली अठ्ठावीस वर्षे राहत आहोत. फिनिक्सहून महामार्ग क्रमांक १० ने पश्चिमेस निघाले की सुमारे दोनशे किलोमीटरांवर क्वार्ट्झसाइट नावाचे गाव लागते. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि गावात अडीच हजारांच्या आसपास माणसे उरतात. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून निवृत्त माणसांचे थवेच्या थवे आपापली घरे चाकांवर घेऊन येथे उतरतात. त्यांना येथे कौतुकाने ‘हिमपक्षी’ म्हणतात. दुपारचे ऊन कोवळे, रात्री चार-पाच अंशांची थंडी, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचे सरकारी जमिनीचे विस्तीर्ण माळरान आहे. ठरावीक शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात तेथे मुक्काम करता येतो. वीज नाही, नळ नाही. पाणी भरून घेण्याची आणि सांडपाणी सोडण्याची सामायिक सोय तेवढी आहे. सग्वारो निवडुंगांच्या उंच हातांखाली हजारो गाड्या विखुरलेल्या असतात. पंढरीच्या वाटेवरचा पालखीतळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही तात्पुरती वस्ती पाहून मुळीच नवल वाटणार नाही.

जानेवारीत येथे मोटरहोमचे मोठे प्रदर्शन भरते आणि त्याच्या आगेमागे जुन्या गाड्यांची विक्रीही जोरात चालते. कित्येकांनी आपल्या गाडीच्या पुढच्या काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावलेली असते. आम्ही तेथे गेलो ते अशीच एखादी गाडी पाहण्यासाठी.

आम्हाला गाडी का हवी होती?

दोन वर्षांपूर्वी माझ्या पतींच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलेली पथ्ये साधी होती: रोज चालणे, कमी मीठ, वेळेवर झोप आणि एका जागी तासन् तास न बसणे. पण देश पाहण्याची आमची हौस या साऱ्यांच्या आड येत होती. विमानतळावरील रांगा, मोटेलचे अपरिचित अंथरूण, हमरस्त्यावरचे खारट-तळकट जेवण! त्यातच मला लहानपणापासून दमा आहे. प्रत्येक नव्या खोलीतील गालिचा आणि उशी ही माझ्यासाठी परीक्षाच असते. स्वतःचे अंथरूण, स्वतःचे स्वयंपाकघर, औषधांसाठी स्वतःचा फ्रिज आणि रात्री चार पावलांवर शौचालय, एवढे जर बरोबर नेता आले तर प्रवास पुन्हा शक्य होईल, या विचारातून मोटरहोमची कल्पना पुढे आली.

आमची मर्यादा ७०,००० डॉलर होती, आणि ती खरोखरच मर्यादा होती. निवृत्तीच्या पुंजीतून त्यापुढे एक डॉलरही काढायचा नाही, असे आम्ही एका कागदावर लिहून दोघांनी खाली सही केली होती. तुम्हाला हे पोरकट वाटेल. परंतु शिसवी रंगाची कपाटे आणि मऊ चामड्याच्या खुर्च्या समोर आल्या की भल्याभल्यांचे गणित चुकते. त्या वेळी खिशातला असा कागद उपयोगी पडतो.

नवी साधी की जुनी राजस?

एवढ्या पैशांत नवी घ्यायची तर लहान आणि बेताच्या बांधणीची गाडी मिळते. उलट पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांची किंमत अडीच-तीन लाख डॉलर होती, अशा मागच्या बाजूला डिझेल इंजिन असलेल्या, हवेच्या फुग्यांवर तोललेल्या प्रशस्त गाड्या आज त्याच किमतीत मिळू शकतात. इंजिन मागे असल्याने चालकाच्या जागी आवाज कमी येतो. फुग्यांमुळे रस्त्यावरचे हादरे पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत नाहीत. कंबरदुखी असणाऱ्यांना या दोन गोष्टींचे मोल वेगळे सांगायला नको.

आरोग्याच्या दृष्टीने जुन्या गाडीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. मोटरहोमच्या आतील प्लायवूड, चिकटद्रव्ये आणि दाबीव लाकूड यांतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दम्याचा झटका येणे हे त्याचे परिणाम. २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने जी चाकांवरची घरे दिली होती, त्यांच्या हवेत या वायूचे प्रमाण चिंताजनक आढळल्याचे २००८ मध्ये सरकारी तपासणीतून पुढे आले. हे उत्सर्जन नव्या सामानातून सर्वाधिक होते आणि वर्षे जातील तसे ओसरते. म्हणजे दम्याच्या रुग्णाला ‘नव्या गाडीचा वास’ हा मान नसून शिक्षा ठरू शकतो.

यंत्राच्या बाबतीतही वयाचा थोडा फायदा आहे. अमेरिकेत २००७ पासून अशा डिझेल इंजिनांना काजळी अडवणारी गाळणी बसवणे भाग पडले आणि २०१० पासून बहुतेकांत युरियाचे द्रावण वापरणारी यंत्रणा आली. पर्यावरणासाठी हे उत्तमच. मात्र या जुन्या यंत्रणा बिघडल्या की दुरुस्ती महाग पडते. म्हणून २००३ ते २००६ मधील गाड्या शोधा, असा सल्ला आम्हाला एका अनुभवी मेकॅनिकने दिला.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. २००८ च्या मंदीत या उद्योगाचे कंबरडे मोडले. मोनॅको, फ्लीटवूड, कंट्री कोच अशा नामांकित कंपन्या २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. कमिन्सचे इंजिन आणि ॲलिसनचा गिअरबॉक्स यांचे सुटे भाग आजही देशभर मिळतात. पण पुढची भलीमोठी काच, मागचे दिवे, सरकत्या भिंतींचे रबर असे गाडीच्या अंगावरचे भाग मिळवताना नाकी नऊ येऊ शकतात. त्यामुळे एकूण रकमेचा किमान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी हातचा राखून ठेवलाच पाहिजे. तसे न केल्यास चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत व्हायला वेळ लागत नाही.

पहिली गाडी: सुगंधाच्या आड

पहिली गाडी चाळीस फुटांची होती. बाहेरून आरशासारखी चकाकत होती. आत चेरीच्या लाकडाची कपाटे, संगमरवरासारखी फरशी, दोन दूरदर्शन संच. कागदावर सही केलेले आम्ही दोघे क्षणभर गप्प झालो. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की आत तीन ठिकाणी सुवासिक वड्या ठेवल्या आहेत. पाच मिनिटांत मला खोकल्याची ढास लागली.

वाचकहो, जुन्या गाडीत शिरताना सर्वांत आधी नाक वापरा. सुगंधाचा अतिरेक हा बहुधा कुबट वासावरचा पडदा असतो. विक्रेत्याला नम्रपणे सांगा, की दारे-खिडक्या बंद ठेवून, सुवासिक काहीही न लावता गाडी रात्रभर तशीच राहू द्या. आम्ही सकाळी येऊ. आम्ही तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी दार उघडताच पावसाळ्यातल्या बंद वाड्यात येतो तसा ओलीचा दर्प आला. पलंगामागच्या कपाटातील कपडे बाजूला केले तर कोपऱ्यात तपकिरी डाग होते आणि बोटाने दाबल्यावर भिंत भाकरीसारखी आत गेली. बाहेरून त्याच जागी फायबरच्या पत्र्याला फुगवटा आला होता. पाणी छतातून शिरून वर्षानुवर्षे भिंतीच्या आत मुरले होते.

अशा गाडीत पाण्यासारखा शत्रू नाही. इंजिन बदलता येते. भिंतीच्या आत वाढलेली बुरशी काढायची तर भिंतच काढावी लागते. दमा, ॲलर्जी किंवा सर्दीचा जुना त्रास असणाऱ्यांनी तर अशा गाडीत एक रात्रही काढू नये. म्हणून शिडीने छतावर चढा किंवा चढणारा माणूस बरोबर न्या. वातानुकूलन यंत्रे, झरोके, अँटेना यांच्या भोवतीचे सांधे पाहा. आत वरच्या कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, सरकत्या भिंतींखालची जमीन हाताने दाबून पाहा. वाळवंटातली कोरडी हवा ओल लपवते, हेही ध्यानात असू द्या. आज कोरडी दिसणारी गाडी दहा वर्षे कोणत्या राज्यात उभी होती, हे विचारलेच पाहिजे.

तेथून निघताना माझे पती हळूच म्हणाले, “किंमत बरीच कमी करतील ते.” मी म्हणाले, “माझी फुप्फुसे किती कमी करतील?” त्यांनी गाडीकडे पुन्हा वळून पाहिले नाही.

दुसरी गाडी: आकाराचा मोह

दुसरी होती पंचेचाळीस फुटांची, प्रवासी बसच्या सांगाड्यावर बांधलेली. या प्रकाराला अमेरिकेत मोठा मान आहे. क्वेबेकमधील प्रेव्हो कंपनीचे सांगाडे घेऊन त्यांचे राजवाडे करणारे कारागीर आहेत. जॉर्जिया राज्यातील फोर्ट व्हॅली येथे शाळेच्या बस बनवणारी ब्लू बर्ड कंपनी १९६० च्या दशकापासून ‘वाँडरलॉज’ नावाची पोलादी घरे घडवीत असे. या गाड्या तीस-तीस वर्षे टिकतात आणि जुन्या झाल्या की आवाक्यात येतात.

आम्ही पाहिली ती गाडी निरोगी होती. रोगी ठरणार होतो ते आम्ही. तिचे टायर आठ, वजन वीस टनांच्या आसपास आणि प्रत्येक दुरुस्तीचे बिल तिच्या अंगाला शोभेल असे. शिवाय काही राज्यांत चाळीस फुटांहून लांब किंवा ठरावीक वजनाहून जड मोटरहोमसाठी वेगळा परवाना लागतो, आणि अनेक जुन्या राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागा एवढ्या लांब गाडीसाठी आखलेल्याच नाहीत. माझ्या पतींनी मालकासह एक फेरी मारली. परत आले तेव्हा त्यांचे खांदे कानांपर्यंत चढले होते आणि हाताचे तळवे ओले होते. मी त्यांच्या मनगटावरचे घड्याळ पाहिले. नाडी मिनिटाला ११८ होती.

गाडीची चाचणी घेताना गाडीइतकेच चालकाकडेही पाहा. किमान तासभर, महामार्गावर आणि अरुंद रस्त्यावर, चढावर आणि वाऱ्यात ती चालवून बघा. उतरल्यावर मान, खांदे, नाडी आणि चेहरा काय सांगतो ते ऐका. ज्या वाहनाने विश्रांती मिळायची, त्याचीच धास्ती वाटू लागली तर तो दारात बांधलेला हत्ती होय.

हाय जॉलीची समाधी

त्या संध्याकाळी मन खट्टू झाले होते, म्हणून आम्ही गावातल्या जुन्या दफनभूमीपर्यंत चालत गेलो. तेथे स्थानिक दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ही हाजी अली यांची समाधी. १८५० च्या दशकात अमेरिकी सैन्याने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणण्याचा प्रयोग केला. त्या उंटांबरोबर ऑटोमन साम्राज्यातून आलेल्या उंटवाल्यांपैकी ते एक. अमेरिकी जिभेला ‘हाजी अली’ जमेना, म्हणून त्यांचे ‘हाय जॉली’ झाले आणि त्याच नावाने ते १९०२ मध्ये वारले. अठ्ठावीस वर्षे आपल्या नावाची नाना रूपे ऐकलेल्या आम्हा दोघांना त्या दगडांपुढे उभे राहताना काहीतरी ओळखीचे वाटले.

उंटांचा तो प्रयोग पुढे सोडून देण्यात आला. उंट तर या मुलखाला अगदी योग्य होते. परंतु सैन्याची खेचरे त्यांना बुजत आणि खेचरांना सरावलेल्या माणसांचे त्यांच्याशी जुळत नसे. वाहन उत्तम असून भागत नाही. ते ज्याच्या हाती जायचे त्याच्या प्रकृतीला मानवावे लागते. दुसऱ्या गाडीविषयी उरलीसुरली हळहळ तेथेच संपली.

तिसरी गाडी: एक वही

तिसरी गाडी छत्तीस फुटांची, २००४ सालची. रंग उन्हाने विटलेला, खुर्च्यांचे चामडे हातांजवळ झिजलेले. मालक ऐंशीच्या उंबरठ्यावरचे, पत्नी त्यांच्याहून थोड्या लहान. आम्ही गाडी पाहण्यापूर्वी त्यांनी आमच्यापुढे एक जाड वही ठेवली. पहिल्या पानापासून प्रत्येक तेलबदल, प्रत्येक गाळणी, छताच्या सांध्यांवर दरवर्षी लावलेले लुकण, जनरेटर दर महिन्याला चालवल्याच्या नोंदी, सारे तारीखवार होते. मधूनच पत्नीच्या अक्षरातील ओळी होत्या: येथे सूर्यास्त छान, तेथे पाणी खारट, अमुक गावी नातीचा वाढदिवस.

अशी वही हे जुन्या गाडीचे आरोग्यपत्रक असते. चकाकीपेक्षा तिला अधिक किंमत द्या. जनरेटरचे तास फारच कमी असतील तर खूश होऊ नका. वापरात नसलेले यंत्र आजारी पडते, आपल्या सांध्यांसारखेच. टायरवरील नक्षी खोल दिसली तरी फसू नका. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: ‘२३१५’ असेल तर तो २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. सहा-सात वर्षांनंतर ते बदलण्याची तयारी ठेवावी. पुढचा टायर वेगात फुटला तर एवढे धूड सावरणे कठीण असते.

इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही येण्याआधीच ते तापवून ठेवले असेल तर कारण विचारा. नंतर ते बंद करून हवेच्या दाबाचा काटा पाहत राहा; तो भराभर खाली येत असेल तर ब्रेकच्या हवेला कोठेतरी वाट मिळाली आहे. तेलाचा आणि शीतकाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. खर्च थोडा आणि उपयोग मोठा. आपण रक्त तपासतो, तसेच हे.

मी विचारले, “विकता का?” पती काही बोलले नाहीत. पत्नी म्हणाल्या, “आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. ज्या दिवशी यांना शिडी चढून छत पाहता येणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची. तो दिवस ऑक्टोबरात आला.”

अंगाने केलेली पाहणी

यंत्र तपासणारे पुष्कळ भेटतात. पण घर म्हणून गाडी तपासणे विसरले जाते. आम्ही त्या दांपत्याची परवानगी घेऊन दोन तास तेथे चक्क राहून पाहिले. तुम्हीही तसेच करा.

पायऱ्या पाच वेळा चढा-उतरा. गुडघे काय म्हणतात ते पाहा आणि दाराशी आधाराची दांडी घट्ट आहे का तेही. पलंगावर दोघांनी पंधरा मिनिटे पडून राहा, कूस बदला, आतल्या बाजूच्या माणसाने रात्री उठल्याचे नाटक करा. दार लावून शौचालयात बसा. न्हाणीत उभे राहून हात डोक्यावर न्या. सरकत्या भिंती आत घेतलेल्या असताना शौचालयापर्यंत आणि फ्रिजपर्यंत पोहोचता येते का, हे पाहा. वाटेत थांबल्यावर औषधाची वेळ झाली तर भिंती उघडायला जागा असेलच असे नाही. ओट्यापाशी उभे राहून पोळपाट कोठे ठेवाल याचा विचार करा. निजायच्या खोलीतील आपत्कालीन खिडकी उघडून दाखवायला सांगा. जुन्या गाड्यांत तिचे रबर चिकटून बसलेले असते आणि आग लागली तर तीच दुसरी वाट असते.

मग भिंतीवरच्या दोन लहान डब्या बघा. जमिनीलगतची गॅसगळती ओळखते, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. दुसरी कार्बन मोनॉक्साइड ओळखते. या वायूला ना रंग ना वास. डोकेदुखी आणि मळमळ ही ‘गाडी लागली’ असे समजून दुर्लक्षिली जाते आणि झोपेतच माणूस दगावतो. या दोन्ही डब्यांना ठरावीक आयुष्य असते. मागे तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर हिरवा दिवा लागत असला तरी त्या बदला. गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवू नका, आणि शेजारच्या गाडीचा जनरेटर आपल्या खिडकीखाली चालू असेल तर संकोच न करता जागा बदला.

पैसे देण्यापूर्वी

गाडी मनात भरली होती. म्हणूनच आम्ही एका स्वतंत्र तपासनीसाला बोलावले. विक्रेत्याने सुचवलेला तपासनीस घेऊ नये, हा साधा नियम. त्याने दिवसभर खपून दोन मोठे दोष काढले. सहाही टायर नऊ वर्षांचे होते. फ्रिजच्या मागच्या नळ्यांजवळ पिवळी भुकटी साचली होती. या जुन्या गॅस-फ्रिजमध्ये अमोनिया असतो. पिवळा डाग म्हणजे तो झिरपू लागल्याची खूण. अशा काही फ्रिजना आगीच्या धोक्यामुळे कारखान्यांनी माघारी बोलावून दुरुस्त करून दिलेले आहे, म्हणून गाडीच्या आणि फ्रिजच्या क्रमांकावरून ती दुरुस्ती झाली आहे का, हेही तपासावे.

मालकांनी वाद घातला नाही. ५८,००० डॉलरची गाडी ५१,००० ला ठरली. टायर, विजेवर चालणारा नवा फ्रिज, बॅटऱ्या, गॅसच्या नळ्या आणि दोन्ही डब्या यांवर सुमारे ११,००० खर्च झाले. उरलेले ८,००० आजही बँकेत आहेत आणि त्यांना हात लावायला दोघांच्या सह्या लागतात.

किल्ल्या देताना त्या वृद्ध गृहस्थांनी वहीही दिली. पत्नीने मात्र ती क्षणभर परत मागून घेतली, नातीच्या वाढदिवसाचे पान शोधले आणि ते फाडून न घेता हाताने लिहून घेतले. “वही अखंड राहू दे,” त्या म्हणाल्या.

पहिल्या पंधरवड्याचे धडे

पाण्याच्या टाकीत किती दिवसांचे पाणी आहे, कोण जाणे! म्हणून प्रथम ती निर्जंतुक केली. दर पंधरा गॅलनला पाव कप साधे ब्लीच घालून, पाणी साऱ्या नळांतून फिरवून, काही तास ठेवून, वास जाईपर्यंत टाकी धुतली. सामान ठेवण्याच्या खालच्या कप्प्यात उंदरांच्या लेंड्या सापडल्या. येथील वाळवंटी मुलखात हे हसण्यावारी नेता येत नाही. रानउंदरांच्या विष्ठेतून हंता विषाणूचा घातक आजार होऊ शकतो आणि १९९३ मध्ये याच भागात त्याचा उद्रेक झाला होता. अशी जागा केरसुणीने झाडू नये, व्हॅक्यूमही लावू नये. दारे उघडून हवा खेळू द्यावी, हातमोजे घालून एकास नऊ प्रमाणात ब्लीचचे पाणी शिंपडावे, पाच-दहा मिनिटांनी कागदाने पुसून घ्यावे.

धुळीचीही काळजी घ्यावी लागते. ॲरिझोनाच्या मातीतील एका बुरशीमुळे ‘व्हॅली फीवर’ नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. वावटळ उठली की आम्ही खिडक्या लावून आत बसतो. खोकला आणि ताप रेंगाळला तर डॉक्टरांना वाळवंटातील मुक्कामाविषयी आवर्जून सांगायचे, हे ठरवून ठेवले आहे. इन्सुलिनसारखी औषधे असतील तर बंद गाडीतील उष्णता त्यांची ताकद घालवते, हे विसरू नका. दिवसाला चारशे किलोमीटरांहून अधिक गाडी हाकायची नाही, दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालायचे आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचायचे, हे आमचे नियम झाले आहेत.

आता सकाळी माझे पती कोरड्या ओढ्याच्या पात्रातून तासभर चालून येतात. तोवर मी ओट्यावर नाचणीची आंबील करते. त्यांचा रक्तदाब गाडीने बरा झाला असे मी म्हणणार नाही. तो गोळ्यांनी, चालण्याने आणि मिठाच्या बेताने आटोक्यात आहे. गाडीने ते सारे प्रवासातही चालू ठेवले, इतकेच. आणि ते ‘इतकेच’ आम्हाला पुरेसे आहे.

तुमच्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत असतील. आई-वडील सहा महिन्यांसाठी आले की मुले हौसेने मोटरहोम भाड्याने घेतात आणि ग्रँड कॅन्यनला निघतात. विकत घ्यायची नसली तरी वरच्या कसोट्या तेथेही लावा: आधी नाक, मग पायऱ्या, मग पलंग, मग त्या दोन डब्या आणि ती खिडकी. पाहुण्याने एवढी चौकशी करणे उद्धटपणाचे नाही. आपल्या प्रकृतीची जबाबदारी प्रवासातही आपलीच असते.

त्या वहीत आता माझ्या अक्षरातील पाने सुरू झाली आहेत. पहिल्या पानावर आम्ही तारीख घातली आणि खाली मराठीत एकच ओळ लिहिली: ‘ज्या दिवशी शिडी चढता येणार नाही, त्या दिवशी.’ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझे पती छतावर चढून सांधे पाहतात. मी खाली शिडी धरून उभी असते.